वीस वर्षं उभं असलेलं छोटं वाफेचं इंजिन: पाना हातात घेण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सव्वासात इंच गेजचं (दोन रुळांत तेवढं अंतर), नॅरो गेजच्या धर्तीचं, चार चाकांचं सॅडल टँक (पाण्याची टाकी खोगिरासारखी बॉयलरवर बसवलेलं) छोटं रेल्वे इंजिन तुमच्याकडे आलंय. ज्यांनी ते बांधलं ते हयात नाहीत, कागद एकही नाही. वीस वर्षं ते शेडमध्ये उभं होतं आणि आता चाकं फिरत नाहीत. बॉयलर तांब्याचा आहे. सगळं सुटं करून, रंगवून परत जोडावं, की आधी थोडीशी वाफ काढून चालतंय का ते बघावं?

दोन्ही नको. वाफ तर मुळीच नको. कागद नसलेल्या जुन्या बॉयलरखाली 'थोडासाच' जाळ करण्यावरून मी चांगल्या ओळखीच्या माणसांशी भांडलो आहे. आणि रंगाचं म्हणाल तर तो गुन्हा मी स्वतः केलेला आहे. माझं पहिलं इंजिन मी आधी रंगवलं. हिरवा रंग, कडेने पिवळी रेघ, पितळी पट्ट्या आरशासारख्या. सात-आठ महिने त्यात गेले. मग बॉयलरची पाण्याच्या दाबाची चाचणी घेतली आणि ६० पौंडांवर (दर चौरस इंचाला) फायरबॉक्सच्या, म्हणजे आगीच्या पेटीच्या, एका स्टेच्या (तिच्या आणि बॉयलरच्या भिंती बांधून ठेवणाऱ्या सळईच्या) टोकातून पाणी पाझरू लागलं. टाकी उतरवली, पट्ट्या काढल्या, वरचा पत्रा सोलला, रंगाचा चुरा झाला. आधी कळस मग पाया म्हणतात ते हेच. तेव्हापासून माझा नियम आहे की बॉयलरचा निकाल लागेपर्यंत दुसऱ्या कशावर पैसा घालायचा नाही.

या आकाराच्या इंजिनात चाकं, सिलिंडर, दांडे, पंप हे सगळं एका माणसाला लेथवर आणि ड्रिलवर दुरुस्त करता येतं, वेळ पडली तर नव्याने करता येतं. बॉयलर तसा नाही. तो बाद निघाला तर नवा बॉयलर हा तुमच्या साऱ्या खर्चातला सर्वांत मोठा आकडा असेल, आणि इंजिन दुरुस्त करायचं की शोभेला ठेवायचं हे त्या एका आकड्यावर ठरेल.

त्याही आधी एक पाच मिनिटांचं काम. चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर मोजा. गेज मोजतात ते रुळांच्या आतल्या कडांमध्ये, आणि सव्वासात इंच म्हणजे १८४ मिलिमीटर; चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर त्याहून कमी भरतं, म्हणून ते तुमच्या रुळावर चालणाऱ्या एखाद्या इंजिनाच्या मापाशी ताडून बघा. पण अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी साडेसात इंचाचा, म्हणजे १९०.५ मिलिमीटरचा रूळ चालतो. फरक जेमतेम साडेसहा मिलिमीटरचा, डोळ्याला कळत नाही. तुम्ही ज्या रुळावर चालवणार त्याच गेजचं इंजिन आहे ना, हे आजच बघा.

नॅरो गेजच्या धर्तीचं इंजिन मिळालं हे तुमचं नशीब समजा. याच रुळावर मोठ्या रेल्वेचं इंजिन केलं तर ते साधारण एक अष्टमांश आकाराचं होतं. पण मूळ इंजिन दोन फुटी रुळावरचं असेल तर त्याची प्रतिकृती एक तृतीयांश ते एक चतुर्थांश आकाराची निघते. म्हणजे सगळे भाग जाड, फायरबॉक्सच्या दारातून हात आत जातो, आगीला जागा ऐसपैस, शिवाय चालवणाऱ्याला काजव्याएवढे बोल्ट चाचपावे लागत नाहीत. तोटा एकच, वजन. असं इंजिन काही शे किलोंचं असू शकतं आणि टाकी वर असल्यामुळे ते वरून जड असतं. दोघा-तिघांनी 'धर रे' म्हणून उचलायची ही वस्तू नव्हे. साखळीची कप्पी (चेन पुली), पक्कं टेबल आणि टेबलावर रुळाचा तुकडा, एवढं आधी करा. उलटलेल्या इंजिनाखाली बोट सापडलं तर ते वाचत नाही.

आता सोडवायला घ्या, पण सगळं नाही. बॉयलर बाहेर येण्यापुरतंच. प्रत्येक पायरीला फोटो काढा आणि फोटोत कुठेतरी मोजपट्टी दिसू द्या. सुटे भाग डब्यांत टाकण्यापेक्षा पुठ्ठ्यावर इंजिनाची आकृती काढून बोल्ट त्या-त्या जागी टोचून ठेवलेले बरे. भाग पुसताना तारेचा ब्रश लगेच चालवू नका. जुने कारागीर पंचने (टोकदार ठोकणीने) बारीक ठिपके मारून ठेवायचे, डाव्या भागाला एक, उजव्याला दोन, किंवा दांड्याची कुठली बाजू पुढे ते. हाताने बसवलेल्या इंजिनात डावा आणि उजवा भाग दिसायला सारखे असले तरी अदलाबदल करता येत नाहीत. ते ठिपके म्हणजे बांधणाऱ्याने तुमच्यासाठी मागे ठेवलेली चिठ्ठी आहे.

आट्यांबद्दल एक इशारा. ब्रिटिश आराखड्यावर बांधलेल्या इंजिनात बीए (ब्रिटिश असोसिएशन), व्हिटवर्थ आणि मॉडेल इंजिनिअर या ब्रिटिश पद्धतींचे आटे असतात, मेट्रिक क्वचित. शून्य नंबरचा बीए बोल्ट ६ मिलिमीटर जाडीचा आणि १ मिलिमीटर पिचचा (दोन आट्यांमधलं अंतर), म्हणजे हुबेहूब एम ६ सारखा. पण बीएच्या आट्याचा कोन साडेसत्तेचाळीस अंश आणि मेट्रिकचा ६० अंश. एम ६ त्यात दोन-तीन फेरे छान जातो, मग आवळतो आणि आटा खाऊन टाकतो. जुना बोल्ट कितीही गंजका असला तरी नवा मिळेपर्यंत तो फेकू नका.

बॉयलर बाहेर आला की त्यावरचा पत्रा आणि उष्णता अडवणारं आवरण काढायचं. इथे थांबा. जुन्या इंजिनात हे आवरण अॅस्बेस्टॉसचं असू शकतं. पिस्टनच्या दांड्याभोवतीची जुनी सुतळीसारखी पॅकिंगसुद्धा. करडं-पांढरं, तंतूतंतू झालेलं काही दिसलं तर ते कोरडं ओरबाडू नका, हवेच्या झोताने तर मुळीच उडवू नका. तपासून घ्या, आणि ते तेच निघालं तर ते काढण्याचं काम जाणकाराकडे द्या.

उघड्या बॉयलरवर पहिल्यांदा नंबर शोधा. मागच्या प्लेटवर किंवा घुमटाच्या (बॉयलरवरच्या, वाफ जमण्याच्या उंचवट्याच्या) कडेला ठोकलेला नंबर असेल, तर तो कधीतरी कुणीतरी तपासलेला आहे आणि त्याची नोंद छोटी इंजिनं चालवणाऱ्यांच्या कुठल्यातरी क्लबच्या वहीत असण्याची शक्यता आहे. ती नोंद मिळाली तर तुमचं अर्धं काम झालं. नंबर नसला तर बॉयलर वाईट असेलच असं नाही, पण तपासणारा माणूस नवीन बॉयलरसारखीच चौकशी करेल: प्लेट किती जाड, स्टे किती अंतरावर, जोड कसे केलेत.

मग जोड बघा. भिंग आणि चांगला उजेड घ्या, फायरबॉक्समध्ये लहान आरसा घाला, आतून बघण्याचा बारीक कॅमेरा असेल तर घुमटाच्या भोकातून सोडा. चांदीच्या झाळाचा (सिल्व्हर सोल्डरचा) जोड पिवळसर-पांढरा आणि कडेला गुळगुळीत वळलेला दिसतो. त्यावर किंवा शेजारी राखाडी, मऊ, नखाने ओरखडा उठतो असा थर दिसला तर तो शिसं-कथलाचा झाळ. हा मला सर्वांत जास्त घाबरवतो. नेहमीचा शिसं-कथलाचा झाळ १८३ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळू लागतो. आणि १०० पौंड दाबाला वाफेचं तापमान असतं सुमारे १७० अंश. अंतर किती राहिलं बघा. जुने लोक स्टेच्या टोकांशी होणारी बारीक गळती बंद करायला याहून जास्त तापमानाला वितळणारा शिशाचा झाळ वापरत. मूळ जोड आट्यांनी किंवा रिव्हेटने भक्कम असेल तर ते एक वेळ चाललं. पण ज्या जोडाची ताकदच त्या झाळावर आहे तो बॉयलर नापास, चर्चा नाही.

त्यातली दुसरी मेख अशी की एकदा शिसं लागलेल्या जागी पुन्हा चांदीचा झाळ नीट धरत नाही. शिसं मिसळून जोड ठिसूळ होतो. म्हणजे कुणीतरी पूर्वी 'तात्पुरती' केलेली दुरुस्ती पुढची खरी दुरुस्ती कायमची अवघड करून ठेवते. तुमच्या बॉयलरला गळती सापडली आणि कुणी म्हणालं की दोन मिनिटांत कथलाचा डाग देतो, तर त्याला चहा पाजा आणि घरी पाठवा.

पितळी बुशांकडेही (नळ, व्हॉल्व्ह बसवायला बॉयलरला जोडलेल्या आट्यांच्या कड्यांकडेही) बघा. गरम पाण्यात पितळेतला जस्त हळूहळू निघून जातो, उरतं ते लालसर, सच्छिद्र तांबं. वरून आकार तसाच दिसतो, पण टोकदार खिळ्याने टोकरलं की भुगा पडतो. म्हणून बॉयलरला लागून असलेले बुश आणि स्टे ब्राँझचे किंवा गनमेटलचे हवेत. पितळेचे निघाले तर त्यांवर विश्वास ठेवू नका.

तुमचा बॉयलर तांब्याचा आहे, पण कुणाकडे पोलादी असेल तर त्याचे रोग वेगळे. तिथे गंज लागतो पाण्याच्या रेषेवर आणि फायरबॉक्सच्या अगदी तळाशी, जिथे ओली राख साचून राहते. कोळशातलं गंधक, काजळी आणि ओल यांचं मिळून आम्ल होतं आणि ते न दिसता पत्रा खात बसतं. तिथे ध्वनिलहरींच्या यंत्राने जाडी मोजून घेण्याला पर्याय नाही.

आतला क्षार काढायला मी सायट्रिक आम्लाचं कोमट, सौम्य पाणी वापरतो. काही तास ठेवायचं, तोंड उघडं ठेवायचं कारण आत वायू तयार होतो, मग चार-पाच वेळा स्वच्छ पाण्याने धुवायचं. क्षार निघाल्यावर कधीकधी गळती सुरू होते. लोक हळहळतात की उगाच साफ केलं. उलट बरं झालं; तुमचा बॉयलर क्षाराच्या भरवशावर उभा होता हे आगीऐवजी पाण्यावर कळलं.

आता चाचणी. सगळी भोकं ब्राँझच्या बुचांनी बंद करायची, बॉयलर काठोकाठ पाण्याने भरायचा, हवेचा बुडबुडाही आत ठेवायचा नाही, आणि हातपंपाने दाब चढवायचा. पाणीच का? पाणी दाबलं तरी फारसं आक्रसत नाही, म्हणून त्यात फारशी ऊर्जा साठत नाही. जोड सुटला तर पाण्याची पिचकारी उडते आणि दाब क्षणात शून्यावर येतो. तीच चाचणी हवेने घेतली तर बॉयलरचा बॉम्ब होतो. हवेने बॉयलर तपासणाऱ्या माणसाच्या शेडमध्ये उभंही राहू नका.

नव्या बॉयलरला चालू दाबाच्या दुप्पट आणि जुन्याला दीडपट दाब देण्याची पद्धत सर्वत्र रुळलेली आहे. नोंद नसलेल्या बॉयलरला कुठला आकडा लावायचा ते तुमच्या तपासनिसाला ठरवू द्या. तपासलेला, खात्रीचा दाबमापक वापरा. इंजिनावरचा जुना मापक खोटं बोलतो असंच धरून चाला. मी दाब दहा-दहा पौंडांनी चढवतो, प्रत्येक टप्प्याला थांबतो, फायरबॉक्सच्या सपाट भिंतींवर पट्टी धरून फुगवटा बघतो, आणि शेवटच्या दाबावर अर्धा तास ठेवतो. बुचाच्या आट्यातून एखादा थेंब आला तर हरकत नाही. प्लेट फुगली आणि दाब उतरवल्यावर मूळ जागी आली नाही, तर तिथेच थांबायचं.

पाझर सापडला तर दुरुस्ती होते का? होते, पण तुमच्या हातच्या छोट्या टॉर्चने नाही. तांबं उष्णता इतक्या झपाट्याने वाहून नेतं की एक जोड ६५० अंशांपर्यंत न्यायला सगळा बॉयलर तापवावा लागतो. दोन मोठे प्रोपेनचे बर्नर आणि दोन माणसं लागतात. त्यात शेजारचा जुना जोड सुटण्याची भीती. शिवाय जुन्या चांदीच्या झाळात कॅडमियम असू शकतं, त्याचा धूर विषारी असतो. हे काम बॉयलर बांधणाऱ्या कारागिराला द्या. माझे हात मी यात दोनदा पोळून घेतले आहेत आणि दोन्ही वेळा शेवटी त्याच्याकडेच गेलो.

बॉयलर पास झाला असं धरू. आता चाकं.

अडकलेला पिस्टन हातोड्याने सोडवायचा नाही, आणि इंजिन दोरीने ओढून तर नाहीच. बीडाच्या सिलिंडरमध्ये पिस्टनच्या रिंगा गंजून चिकटल्या असतील तर त्या ओढताना सिलिंडरवर चरे पाडतात. पुढची झाकणं काढा, गंज सोडवणारं तेल घाला, दुसऱ्या दिवशी पुन्हा घाला. जोडदांडे काढून टाका म्हणजे कुठलं चाक आणि कुठला पिस्टन अडलाय ते वेगळं कळेल. मग चाकाला हाताने मागे-पुढे एक-एक अंश हलवत राहा. एकदा मला यात अकरा दिवस लागले. बाराव्या दिवशी काहीच घडलं नसल्यासारखं ते फिरलं.

फिरायला लागलं की ढिलाई मोजा. चाकाखाली पहार घालून हळूच उचला आणि अॅक्सलबॉक्स (चाकांचा आस धरणारा ठोकळा) किती हलतो ते बघा. दांड्यांच्या बुशांची भोकं लांबट झालीत का ते बघा. इथे नवखे लोक एका गोष्टीने हैराण होतात. दोन्ही बाजूंचे क्रँक (चाकावर दांडा अडकतो ते भाग) एकमेकांशी ९० अंशांत असावेत हे खरं, पण ते काटेकोर ९० असण्यापेक्षा पुढच्या आणि मागच्या अॅक्सलवर ते तंतोतंत सारखे असणं जास्त महत्त्वाचं. दोन्ही अॅक्सल ८९ अंशांवर असतील तर इंजिन खुशाल धावेल. एक ९० आणि दुसरा ८९ असेल तर प्रत्येक फेऱ्याला दांडे अडतील, आणि तुम्ही बुशांची भोकं मोठी करून तो दोष झाकाल.

मग बॉयलरशिवाय, नुसत्या कॉम्प्रेसरच्या हवेवर चालवा. एक-दोन बार, म्हणजे १५ ते ३० पौंड, दाब पुरे. चिमणीखालून येणारे ठोके कान देऊन ऐका; दोन सिलिंडरच्या इंजिनात एका फेऱ्याला चार, सारख्या अंतराचे. एक ठोका लंगडा असेल तर तो सिलिंडरमध्ये वाफ आत-बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हच्या जुळणीचा दोष. व्हॉल्व्ह मधोमध ठेवून हवा दिली आणि तरी एक्झॉस्टमधून फुसफुस आली तर व्हॉल्व्हचा तळ घासून सपाट करावा लागेल. पिस्टन टोकाला ठेवून चाक जाम केलं आणि समोरच्या टोकाच्या ड्रेनमधून (सिलिंडरमधलं पाणी सोडायच्या नळातून) हवा आली तर रिंगा गेल्या. एवढ्या तपासात सिलिंडर उघडायचा की नाही ते कळतं. नीट चालणारा सिलिंडर केवळ हौसेखातर उघडू नये, असं माझं मत. काहींना ते पटत नाही.

पाण्याच्या वाटा. इंजेक्टर (वाफेच्या जोरावर बॉयलरमध्ये पाणी घालणारं साधन) चालत नसेल तर तो उघडून तारेने खरवडू नका. आतले शंकू इतके नेमके असतात की एक ओरखडा पुरतो. व्हिनेगरमध्ये भिजवा. बहुतेक वेळा दोष इंजेक्टरचा नसतोच, पाणी ओढणाऱ्या नळीत कुठेतरी हवा शिरत असते किंवा टाकीतलं पाणी कोमट झालेलं असतं. बॉयलरमध्ये पाणी घालायचे दोन स्वतंत्र मार्ग चालू असल्याशिवाय आग पेटवायची नाही.

पाण्याची काचनळी नवी घाला, जुनी कितीही स्वच्छ दिसो. काच फार बारीक भोकाची असेल तर पाणी नळीच्या भिंतीला चिकटून वर चढतं आणि पातळी खोटी दाखवतं. मध्ये बुडबुडा अडकला तर आणखी खोटी. काचेच्या खालचा नळ उघडून पाणी सपकन उतरतंय आणि बंद केल्यावर सपकन चढतंय का, हे दर वेळी बघा. रेंगाळत चढत असेल तर वाट तुंबलेली आहे.

स्मोकबॉक्सच्या (चिमणीखालच्या धुराच्या पेटीच्या) तळाला गंजून भोक पडलेलं असेल, जवळजवळ पैजेवर सांगतो. 'इंजिन वाफ धरत नाही' अशी तक्रार येते तेव्हा दहापैकी सात वेळा मी आधी तिथेच हात घालतो. तिथून हवा शिरली की आगीतून हवा ओढली जात नाही. दुसरी शंका ब्लास्टच्या नळीवर, म्हणजे वापरलेली वाफ चिमणीत सोडणाऱ्या नळीवर. चिमणीत बरोबर बसणारी सरळ सळई वरून सोडा. ती नळीच्या तोंडावर नेमकी मध्यभागी उतरली पाहिजे. दोन मिलिमीटर बाजूला गेली तरी फरक पडतो.

सगळं जुळलं, तपासनीस हजर आहे, आता वाफ. छोटा बॉयलर वीस मिनिटांत वाफ धरू शकतो, पण पहिल्या दिवशी मी तासाहून जास्त घेतो. रॉकेलमध्ये भिजवलेली लाकडं, चिमणीवर विजेचा पंखा, मग हळूहळू कोळसा. कुठे फुसफुस दिसली तर नट दाबाखाली आवळायचा नाही. आग काढा, दाब उतरू द्या, मग पाना लावा. सेफ्टी व्हॉल्व्हची परीक्षा अशी: भरपूर आग, ब्लोअर (आगीची ओढ वाढवायला चिमणीत वाफ सोडणारा नळ) पूर्ण उघडा, इंजिन उभं. एवढं करूनही दाब चालू दाबाच्या दहा टक्क्यांहून वर जाता कामा नये. गेला तर व्हॉल्व्ह लहान आहे किंवा नीट उघडत नाही. स्प्रिंग आवळून फिसफिसणारा व्हॉल्व्ह गप्प करणारे महाभाग मी पाहिलेत. तो व्हॉल्व्ह काढून बैठक घासून बसवायला अर्धा तास लागतो.

सिलिंडरला साधं मोटारीचं तेल चालत नाही, ओल्या गरम वाफेत ते धुऊन जातं. वाफेच्या सिलिंडरसाठीचं जाड तेल वेगळं मिळतं, तेच तेलदाणीत घाला आणि पहिल्या फेऱ्या ड्रेन उघडे ठेवून मारा. सिलिंडरमध्ये साचलेलं पाणी दाबलं जात नाही; झाकण फुटतं किंवा दांडा वाकतो.

दिवस संपला की थोडा दाब असतानाच बॉयलर खालून रिकामा करा, राख आणि काजळी त्याच संध्याकाळी काढा. दुसऱ्या दिवशी, सगळं गार झाल्यावर, आरसा आणि भिंग घेऊन परत फायरबॉक्समध्ये डोकवा. पाझराच्या जागी पांढरी रेघ उमटलेली असते. दोन-तीन वेळा वाफ काढूनही ती दिसली नाही तर रंगाचा डबा उघडायला हरकत नाही. आणि पाण्याच्या टाकीखालचा जुना रंग खरवडायच्या आधी तो नीट बघून ठेवा. उन्हापासून झाकलेला मूळ रंग बहुधा तिथेच सापडतो.

तूर्त तीन गोष्टी कळवा: चाकांमधलं अंतर, बॉयलरवर नंबर आहे का, आणि फायरबॉक्सच्या जोडांचा उजेडात काढलेला एक फोटो.